दादा, तुझ्या कडीवाल्या कोंबड्या

दादा, कोंबड्या मी देऊन टाकल्या. हे आधी सांगून टाकते. तू असतास तर म्हणाला असतास, "कुसुम, आधी निकाल सांग, मग हवं तेवढं पाल्हाळ लाव." निकाल हा असा आहे. पाल्हाळ आता ऐक.

तुला जाऊन अजून दोन महिनेसुद्धा झाले नाहीत. दवाखान्यातून जेवायला घरी आलास, ताटावर बसलास, आमटीला मीठ कमी आहे म्हणालास आणि मी मीठ आणेपर्यंत "जरा पडतो" म्हणून उठलास. मी मिठाची वाटी हातात घेऊन तुझ्यावर चिडले होते, की आता आमटी गार होणार. तुझ्याशी माझं शेवटचं बोलणं मनातल्या मनात झालं आणि तेही भांडणाचं.

मग सगळे आले. पुण्याहून वसंता आला, कारण अग्नी द्यायला चुलत का होईना, भाऊ हवा. त्याच्याबरोबर वत्सलावहिनी आल्या, सोवळ्याची वळकटी बगलेत धरून. दवाखान्यातले पेशंट, रेल्वेतली माणसं, बंगल्यांचे माळी, सगळे अंगणात येऊन उभे राहिले. मी रडत होते, दादा, खोटं सांगत नाही. पण रडता रडता माझे कान परसाकडे लागले होते. तो तुझा तुऱ्याचा कोंबडा आता आरवेल की काय, ह्या भीतीने मला धड रडूही येईना.

आणि तो आरवलाच. वहिनींनी डोळ्याचा पदर नाकाला लावला आणि विचारलं, "हा आवाज कुठून येतो गं?"

"शेजारचा," मी म्हणाले.

एवढ्यावर भागलं असतं तरी मी आज तुझ्याशी असं बोलत बसले नसते. अशी उत्तरं मी गेली कित्येक वर्षं देत होतेच. कोणी आलं की कोंबड्या माळ्याच्या असायच्या, गुरख्याच्या असायच्या, एकदा तर मी त्या पोस्टमनच्या केल्या होत्या. ब्राह्मणाच्या परसात खुराडं आहे हे अख्ख्या लोणावळ्याला ठाऊक होतं. फक्त मी ते मान्य केलं नव्हतं. तू हसायचास. म्हणायचास, "एवढ्या मालकांच्या कोंबड्या सांभाळतेस, दळणाचे पैसे तरी माग त्यांच्याकडे."

तुला आठवतं का, पहिली कोंबडी तू घरात आणलीस तेव्हा मी दोन दिवस चूल पेटवली नव्हती. तू शांतपणे रेल्वेच्या कँटीनमधून डबल रोटी आणून खाल्लीस आणि मलाही दिलीस. मी ती खाल्ली नाही. तिसऱ्या दिवशी मला समोर बसवून तू सांगितलंस, की ह्या कोंबड्या खायला नाहीत, ह्यांना हिवताप आणायचा आहे. मला वाटलं तुझं डोकं फिरलं. माणसांच्या हिवतापाला औषध पुरत नाही, आणि हा कोंबड्यांना मुद्दाम आजारी पाडणार.

मग तू वळवणच्या धरणाची गोष्ट सांगितलीस. ती तू मला पुढे इतक्यांदा सांगितलीस, की ते धरण मीच बांधलं असं मला वाटायला लागलं. तू नुकता डॉक्टर होऊन मजुरांच्या छावणीवर लागला होतास. नगर-सोलापूरकडची धडधाकट माणसं पोटासाठी आली होती. पावसाळा सरता सरता ती हुडहुडी भरून पडायला लागली. कुणी घोंगडीत गुंडाळलेलं तसंच गेलं. आणि शेजारच्या वाड्यांवरचे ठाकर त्याच पाण्याकाठी, त्याच डासांत, उघड्या अंगाने दगड वाहत होते. त्यांच्या रक्तात तुला तोच किडा सापडत होता. किडा आहे, पण ताप नाही. अंगात जन्माचा भाडेकरू ठेवावा आणि त्याने गुमान एका कोपऱ्यात पडून राहावं, तसं. हे त्यांना कसं जमलं, हा एकच प्रश्न तू त्या छावणीतून घरी आणलास. बाकी तिथून तू काहीच आणलं नाहीस, पगारसुद्धा निम्मा औषधांत घातला होतास.

मी तेव्हा काय म्हणाले होते? म्हणाले, "त्यांना काय होतंय, काटक असतात ती माणसं."

तू माझ्यावर आवाज चढवल्याचं मला तेवढं एकदाच आठवतं. दुसऱ्या दिवशी मला घेऊन तू वर ठाकरवाडीला गेलास. भागीच्या दारात उभं केलंस. भागी तेव्हा नव्यानेच आपल्याकडे मोळ्या टाकायला लागली होती. तिचं धाकटं पोर अंगणात खेळत होतं, पोट टम्म फुगलेलं. तू माझा हात धरून त्याच्या डाव्या बरगडीखाली ठेवलास. आत काहीतरी घट्ट लागलं. "ही पानथरी, म्हणजे प्लीहा," तू म्हणालास. "ताप अंगात मुरला की ही वाढते." मग भागीला विचारलंस, मुलं किती. ती म्हणाली, "जगली ती तीन. बाकीची कशाला मोजायची, डॉक्टर?"

उतरताना तू म्हणालास, "काटक नाहीत गं ही. जी नव्हती ती गेली. तुला फक्त उरलेली दिसतात. अंगात ही ताकद यायला ह्यांना पोरं द्यावी लागतात. मला ती ताकद सुईतून द्यायची आहे, पोर न घेता."

हे सगळं मला कळलं होतं, दादा. कळलं नसतं तर आज एवढी लाज वाटली नसती.

कळलं होतं म्हणून तर मी हळूहळू तुझ्या कामात शिरले. डासांचे पिंजरे माझ्या जुन्या मलमलीच्या लुगड्याचे आहेत. नवरा गेल्यावर तू मला इथे आणलंस, आणि सासरहून आलेलं ते लुगडं नेसवेना म्हणून मी ट्रंकेत ठेवलं होतं. ते तुझ्या डासांच्या कामी आलं. लढाईत सगळं महाग झालं, जावा बेट जपान्यांच्या हाती पडलं तसं क्विनीन मिळेनासं झालं, पण तुझ्या डासांना चोखायला मनुका मिळत होत्या. त्यावरूनही आपण भांडलो. देवाच्या शिऱ्यात मनुका नाही आणि डासांना आहे, असं मी म्हणाले होते. तू म्हणालास, "देवाला सांग, थोडं थांब. हे डास बिचारे फार दिवसांचे सोबती नाहीत."

खरंच नव्हते. आजारी कोंबडीला चावलेले डास तू खलात घोटायचास, काचेवर पसरायचास आणि उन्हात ठेवून त्यांतला किडा मारायचास. मेलेल्या किड्याची ती पूड पाण्यात कालवून चांगल्या कोंबडीला टोचायची. मेलेल्याशी ओळख झाली, की जिवंत आल्यावर अंग त्याला ओळखेल आणि दारातूनच हाकलून देईल, असा तुझा हिशोब. टोचताना कोंबडी मी धरायची. हातात फडकं घेऊन धरायची, आणि काम झालं की आंघोळ. थंडी असो, धुकं असो, दर खेपेला डोक्यावरून. तू म्हणायचास, "ह्या प्रयोगात सगळ्यात जास्त त्रास तुला होतोय, कोंबड्या बऱ्या." पण पाणी तापवून ठेवायचास. मला आयतं गरम पाणी मिळायचं, आणि ते तू तापवलंयस हे मी कधी बोलून दाखवलं नाही.

किती वेळा फसलं ते. टोचलेल्याही मेल्या, न टोचलेल्याही मेल्या. तू खड्डा खणायचास आणि तोंड धुऊन दवाखान्यात जायचास. आणि मग ही शेवटची खेप. टोचलेल्यांच्या पायात तळेगावच्या तांबटाकडून करून आणलेली बारीक कडी मीच अडकवली. सगळ्यांना एकाच पिंजऱ्यातले डास चावले. बिनकडीच्या पिसं फुगवून बसल्या आणि एकेक करून गेल्या. कडीवाल्या दाणे टिपत राहिल्या. तू रोज त्यांच्या रक्ताचा थेंब काचेवर घेऊन भिंगाखाली बघायचास, आणि एक दिवस मला बोलावून म्हणालास, "तू बघ. माझे डोळे आता मला हवं तेच बघतील." मी बघितलं. काही नव्हतं. मला किडा ओळखता येतो, तूच शिकवलंस, माझ्याच तापातल्या रक्तात दाखवून. म्हणाला होतास, हा बघ तुझा पाहुणा. त्या दिवशी पाहुणा नव्हता. तू खुर्चीत बसून राहिलास. मला फार आनंद झाला होता, दादा. आणि मी काय केलं, तर फडकं धुवायला टाकलं आणि आंघोळीला गेले.

तू मुंबईच्या डॉक्टरांना लिहिलंस, की या आणि स्वतः रक्त काढून बघा. माझ्या लिहिण्यावर जाऊ नका, कोंबड्यांना विचारा. पुन्हा डास चावू द्या, ताकद टिकते का ते तुमच्या डोळ्यांनी बघा. ते येणार होते. त्या पडताळ्यासाठी तू नव्या, न टोचलेल्या कोंबड्याही आणून ठेवल्यास. तू वाट बघत होतास. तेवढ्यात ते ताट.

आता ती सकाळ. दहाव्याला दोन दिवस होते. वडगावचे भटजी पुढचे विधी करायला घरी यायचे होते. वहिनी मागच्या दारात उभ्या राहून खुराड्याकडे बघत होत्या. एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर मी भांडले असते, माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. पण त्या नुसत्या बघत राहिल्या, आणि माझ्या कानशिलापर्यंत आग गेली. तुझ्या श्राद्धाच्या घरात कोंबड्या, हे उद्या पुण्यात घरोघर होणार. बिचारी भावाच्या घरी राहून बाटली, असं माझ्या सासरी म्हणणार. हे सगळं मी एका श्वासात ऐकलं, कुणी न बोलता. भागी मोळी टाकून जात होती. मी तिला हाक मारली आणि सांगितलं, कोंबड्या घेऊन जा.

तिने विचारलं, "कडीवाल्या बी?"

वहिनी तिथेच होत्या. मी म्हणाले, "सगळ्या."

भागी पाटीत भरून घेऊन गेली. मी खुराडं शेणाने सारवलं. भटजी आले, त्यांनी परसाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तेराव्याला निघताना मला म्हणाले, "डॉक्टरांच्या त्या कोंबड्या कुठं दिसत नाहीत? माझ्या नातवाला दाखवायच्या होत्या."

एवढ्यावर थांबले असते तरी एक वेळ चाललं असतं. पण मुंबईचं पत्र आलं. तुझ्या जाण्याचं त्यांना फार वाईट वाटलं होतं, आणि कोंबड्या जपून ठेवा, लवकरच येतो, असं लिहिलं होतं. वसंताने विचारलं, "काय कळवू?" लोकांच्या लाजेने वाटून टाकल्या, हे एका परक्या डॉक्टरला कसं कळवायचं? मी म्हणाले, "मेल्या म्हणून कळव." वसंताने तेवढंच कळवलं. त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. आमच्या घरात कोंबड्या मेल्या ही चांगलीच बातमी होती.

उत्तर आलं तेव्हा वसंता आणि वहिनी पुण्याला गेले होते. मीच फोडलं. इंग्रजी मला बेताचंच येतं, पण तेवढं कळलं. लिहिलं होतं, की वाईट वाटलं, पण आश्चर्य नाही. अशा लशीचा परिणाम टिकत नाही, हाच आमचाही अनुभव आहे. तुमचे बंधू फार प्रामाणिक माणूस होते.

मी ते पत्र हातात घेऊन ओट्यावर बसले. तुझी लस फसली, दादा. कोंबड्यांना काही झालं नाही, किड्याने काही केलं नाही. ती मी फसवली, एका शब्दाने. वळवणच्या छावणीपासून तू जे घेऊन चालला होतास ते मी वहिनींच्या नजरेपायी पुसून टाकलं. आणि शेवटी प्रामाणिक म्हणून तुझं नाव, माझ्या खोटेपणाच्या खाली. मला त्या वेळी तुझी आठवण येऊन रडू आलं नाही. मला माझीच किळस आली, आणि ती काही आंघोळीने जाणारी नव्हती.

दुसऱ्या दिवशी उठले आणि वर वाडीला गेले, एकटीच. करवंदीच्या जाळ्यांतून वाट काढता काढता दोनदा चुकले. भागी दारातच नाचणी पाखडत होती. मी उभ्या उभ्या विचारलं, कोंबड्या कुठे आहेत.

"आक्का, त्या खाल्ल्या की," ती म्हणाली. "तुमी डॉक्टरच्या नावानं दिल्या न्हवं? दहाव्याच्या दिशी कापल्या. समद्या वाडीनं खाल्लं. त्यांच्या नावानं पान बी काढून ठेवलं."

मी खाली बसले. तिला वाटलं मला दम लागला. पाणी आणून दिलं, मी प्यायले. दादा, मी ठाकराच्या घरचं पाणी प्यायले आणि मला ते प्यायल्यावर लक्षात आलं.

मी कोंबड्या कुणाच्या नावाने दिल्या होत्या? घरातली घाण बाहेर काढावी तशा काढल्या होत्या. आणि ह्या लोकांनी ते तुझं दान समजून तुझा दहावा केला. आपल्या घरी तेराव्याला मी तुझ्या आवडीचं म्हणून जे वाढलं त्यात श्रीखंड होतं. तुला श्रीखंड आवडायचं नाही. वहिनी म्हणाल्या, पंगतीला बरं दिसतं.

मी विचारलं, "डॉक्टर तुमच्यात कोंबडी खायचे का गं?" का विचारलं कोण जाणे. इतकी वर्षं मला तोच संशय होता.

"न्हाई. आमी लय आग्रह केला. भाकर-ठेचा खायाचं, कोंबडी न्हाई. म्हनायचं, आक्काला वास यील, उगं तिला आंगूळ पडंल."

ती हसली. मीही हसायला गेले आणि मग मला जे रडू आलं, दादा, ते तू गेलास त्या दिवशीही आलं नव्हतं. माझी लाज तू सुद्धा सांभाळत होतास, वर वाडीत, मी बघत नसताना. मी तुझ्यासाठी एक कोंबडा सांभाळू शकले नाही.

भागी सूप बाजूला ठेवून म्हणाली, "येक हाय पर. ती खुडूक बसली, म्हनून ठेवली. खुडूक कोंबडी कोन कापतंय?"

आत अंधारात, कणगीमागे टोपलीत ती बसली होती. मी हात घातला तर चोच मारली. पायात कडी होती. मी ती बोटाने चाचपली, पुन्हा पुन्हा.

"पिल्लं निघू द्या, मंग न्या," भागी म्हणाली. "आता उठवली तर अंडी वाया जातील माजी."

घरी येऊन मी मुंबईला पत्र लिहिलं. मराठीत लिहिलं, कारण इंग्रजीत मला खोटंच लिहायला जमलं असतं, खरं लिहायला शब्द पुरले नसते. लिहिलं, की कोंबड्या रोगाने मेल्या नाहीत. सगळ्या धडधाकट होत्या. घरात सुतक होतं, लोक काय म्हणतील ह्या भीतीने मी त्या वाटून टाकल्या आणि नंतर लाज झाकायला खोटं कळवलं. भावाच्या लशीचा त्यात काही दोष नाही. एक कोंबडी शिल्लक आहे, ती सध्या अंड्यांवर बसली आहे. खाली सही केली, आणि सहीपुढे तुझी बहीण असं लिहिताना हात थांबला. पण लिहिलं.

उत्तर आलं. ते मला रागावले नाहीत, त्यानेच जास्त लागलं. लिहिलं होतं, एका कोंबडीवरून काही सिद्ध होत नाही, हे तुमच्या बंधूंनीच आम्हाला सांगितलं असतं. तरी पिल्लं निघेपर्यंत थांबतो आणि येतो. काम पुन्हा पहिल्यापासून करावं लागेल.

पहिल्यापासून. तुझं आयुष्य गेलं त्यात, आणि मी एका सकाळी ते परत पहिल्यावर आणून ठेवलं. भागीचा नातू आता चालायला लागलाय. परवा मी त्याच्या बरगडीखाली हात घातला, तू दाखवला होतास तसा. पानथरी लागते आहे, दादा. त्याला मी काय सांगू, तुझी लस कुठे अडली म्हणून?

पिल्लं निघाली, आणि काल मी कोंबडी आणली. टोपलीवर झाकण घातलं नाही. बाजारातून, भर दुपारी, स्टेशनच्या रस्त्याने आणली. वाण्याच्या दुकानाशी कुणीतरी विचारलं, "कुणाची हो, आक्का?" मी "माझी" म्हणाले. इतकं हळू, की त्याला पुन्हा विचारावं लागलं, आणि मला पुन्हा सांगावं लागलं.

ती आता पुढच्या ओसरीवर बांधली आहे. वहिनींना मी कळवलं आहे, की वर्षश्राद्धाला याल तेव्हा घरात कोंबड्या असतील, एक नाही, बऱ्याच. त्यांचं उत्तर आलेलं नाही. पिंजऱ्यांची मलमल फाटली होती, ती मी शिवून ठेवली आहे. मनुका आणल्या आहेत.

सोमवारी मुंबईचे डॉक्टर येतायत. रक्त काढताना कोंबडी धरायला माणूस लागतो, तो मीच. फडकं घेणार नाही. आणि ते गेल्यावर आंघोळही करणार नाही, दादा. पाणी तापवायला आता कोणी नाही म्हणून नव्हे.